कुलकर्ण्याचे दप्तर, गिरणीचे साचेखाते आणि शाळेतले कोडिंग

शाळेत कोडिंग शिकवण्याचा विषय निघाला की आपल्याच कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. पारनेरसारख्या दुष्काळी तालुक्यात, जिथे उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते आणि वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक सगळे वर्ग ओढतात, तिथे हे कोडिंगचे खूळ कशाला? आधी शिक्षक द्या, आधी वसतिगृह द्या, आधी शिष्यवृत्ती वेळेवर द्या.

या सगळ्या मागण्या खऱ्या आहेत आणि त्या सोडायच्या नाहीत. पण 'आधी हे, मग ते' हा क्रम कोण लावतो? प्रस्थापितांच्या घरातले मूल आठव्या वर्षी कोडिंगच्या क्लासला जाते. त्याला कोणी 'आधी' सांगत नाही. 'आधी' फक्त आपल्या मुलांना सांगितले जाते, आणि ती 'आधी' संपेपर्यंत पुढची गाडी सुटलेली असते. हे पहिल्यांदा घडत नाही. म्हणून कोडिंगचा प्रश्न संगणकापासून सुरू न करता इतिहासापासून सुरू केला पाहिजे, आणि त्या इतिहासाचे एक पान पारनेर तालुक्यातच आहे.

१८७५ : जाळलेले कागद

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला. हे सुपे म्हणजे आपले पारनेर तालुक्यातले सुपा नव्हे, ते भीमथडीतले. पण उठावाची आग नगर जिल्ह्यातही आली आणि पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांतल्या गावांत पसरली. इतिहासाच्या पुस्तकात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. त्या दंग्यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. शेतकऱ्यांनी सहसा माणसे मारली नाहीत. त्यांचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे, हुकूमनामे, खतावण्या मागायच्या आणि मिळाल्या की जाळायच्या.

कागदच का? कारण जमीन कागदाने गेली होती. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते कुणब्याला वाचता येत नव्हते. अंगठा त्याचा, अक्षर दुसऱ्याचे. वही मोडीत, दप्तर मोडीत, आणि मोडी वाचणारे कोण, तर कुलकर्णी आणि सावकार.

कुणब्याची ही अवस्था, तर गावकुसाबाहेर काय असेल? महार हा गावचा वतनी नोकर. सरकारी भरणा तालुक्याला पोचवायचा, कागदपत्रे या गावाहून त्या गावाला न्यायची, हे त्याचे काम. म्हणजे दप्तर डोक्यावरून वाहून न्यायला त्याचा विटाळ होत नव्हता. तेच दप्तर उघडून वाचण्याचा अधिकार मात्र त्याला नव्हता. ओझे आपले, मजकूर त्यांचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे संगणकाच्या खोलीतही ते कामाला येणार आहे.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यांची नोंदणी, हिशेब दाखवण्याची सक्ती अशा तरतुदी त्यात होत्या. पण कागद जाळल्याने किंवा कागदाची नोंदणी झाल्याने तो वाचता येत नाही. हे नेमके ओळखले ते जोतीराव फुल्यांनी.

१८८२ : जोतीरावांची मागणी

जोतीरावांचे नगरशी नाते जुने. मुलींची शाळा कशी असते हे त्यांनी नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये मिस सिंथिया फरार यांच्या शाळेत पाहिले आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतः शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले त्यातही मिस फरार यांचे नाव येते.

याच जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा मुख्य आरोप. बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी. महार-मांगांच्या मुलांना जिथे जातीमुळे बसू देत नाहीत तिथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, हेही त्यांनी मांडले.

पण आपण बहुतेक वेळा त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रम वाचत नाही. त्यात बालबोधीबरोबर मोडी वाचणे-लिहिणे आहे, हिशेब आहे, इतिहास-भूगोल-व्याकरण आहे, शेतीचे प्राथमिक ज्ञान आहे, आरोग्याचे धडे आहेत. मोडी आणि हिशेब! शूद्रातिशूद्रांच्या पोराला धार्मिक पोथी वाचता यावी एवढ्यावर जोतीराव थांबले नाहीत. ज्या लिपीत त्याच्यावर सत्ता चालवली जाते, ती लिपी त्याला वर्गात शिकवा, असा त्या मागणीचा अर्थ होतो. आधी पोट, मग अक्षर, असे ते म्हणाले नाहीत. अक्षर नाही म्हणून पोट रिकामे आहे, हे त्यांचे निदान होते.

१९२८ : यंत्राला जात नव्हती, खात्याला होती

पारनेर तालुक्यातून पोटासाठी मुंबई गाठणे नवीन नाही. दुष्काळ पडला की नगर, पुणे, सातारा, रत्नागिरीकडची माणसे गिरणगावात जात. शहरात जात विसरली जाते, यंत्र जात पाहत नाही, असे सांगितले जाई. आजही तंत्रज्ञानाबद्दल हेच सांगितले जाते.

प्रत्यक्षात काय होते? गिरणीत अस्पृश्य कामगार सूतकताईच्या खात्यात होते. ज्यात पगार जास्त, त्या साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणण्याच्या खात्यात, त्यांना प्रवेश नव्हता. कारण ऐका. धोट्यातली कांडी संपली की नवी घालताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगार ओठाला कसा लावणार? विलायतेहून आलेल्या मागावर अशा रीतीने मनुस्मृती चढली. विदर्भातला महार समाज पिढ्यान्‌पिढ्या जाडेभरडे कापड विणत आला होता, तरी विणण्याचे चांगल्या पगाराचे काम अस्पृश्याचे नाही, असे ठरले.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम मिळाले पाहिजे ही मागणी तुमच्या यादीत का नाही, असे विचारले. ती घेतली नाही तर आमच्या लोकांनी संपात का राहावे, असेही ठणकावले. युनियनने ती नाखुशीने घेतली. मालकांचे उत्तर असे, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. क्रांतीची भाषा करणारे कामगारबंधू आणि नफ्याची भाषा करणारे मालक, दोघांच्याही दृष्टीने साचेखात्याचे दार हा किरकोळ विषय होता.

आता या मागाचा आणि संगणकाचा संबंध पाहा. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग बनवला. पुठ्ठ्यावर भोक कुठे आहे यावरून कोणता धागा उचलायचा ते ठरे आणि नक्षी विणली जाई. पुठ्ठे बदलले की नक्षी बदले. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी हीच कल्पना उचलली आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्राकडून गणित करून घेण्याची पायरीपायरीची रीत लिहून छापली. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हॉलरिथच्या यंत्रांनी माणसांची मोजणी भोकाच्या कार्डांवर केली. म्हणजे प्रोग्रॅमिंगची एक मुळी थेट विणकामात जाते. साचेखात्याच्या दाराशी अडवलेल्यांच्या नातवंडांनी कोडिंगच्या दाराकडे पाहताना हे विसरू नये.

१९४२ : बाबासाहेबांनी काय मागितले

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांनी जे मांडले ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे.

आपली मुले कला आणि कायदा या शाखांकडे जात होती, कारण त्यांचा खर्च झेपत होता. बाबासाहेबांनी दाखवून दिले, की समाजाला वर काढायचे तर विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण हवे आणि ते आपल्या पालकांच्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून तो खर्च सरकारने उचलावा. विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला २ लाख रुपये आणि परदेशी विद्यापीठांतल्या शिक्षणासाठी १ लाख रुपये, अशी मागणी केली. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, हेही त्यात होते. याच प्रयत्नांतून १९४४ मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली.

१९४२ साल म्हणजे महायुद्ध, महागाई, बंगालच्या दुष्काळाची चाहूल. 'आधी पोट' म्हणणाऱ्यांना तेव्हाही जागा होती. बाबासाहेबांनी त्याच वेळी छापखाना, रेल्वे कारखाना आणि परदेशी प्रयोगशाळा मागितली. त्या काळच्या सर्वांत पुढच्या यंत्रापाशी आपले मूल उभे राहिले पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता.

१९८४ ते २०२० : संगणक आला, खाते ठरले

भारतातल्या शाळांत संगणक आला तो १९८४-८५ च्या 'क्लास' प्रकल्पातून. सुमारे २५० माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक मिळाले. त्या यंत्राची गंमत अशी, की ते चालू केले की पडद्यावर थेट 'बेसिक' ही प्रोग्रॅमिंगची भाषा समोर येई. म्हणजे संगणकाची पहिली भेटच कोडिंगची होती. पण अडीचशे शाळा म्हणजे देशाच्या मानाने किती? ज्यांच्या हाती ती यंत्रे पडली त्यांची पिढी पुढच्या सॉफ्टवेअरच्या लाटेवर स्वार व्हायला तयार होती.

संगणक आपल्यापर्यंत पोचला तेव्हा त्याचा अर्थ बदलला होता. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले, २००२ मध्ये एमएस-सीआयटी आली आणि अनेक सरकारी नोकऱ्यांसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक झाले. तालुक्याच्या गावी, पारनेरसारख्या ठिकाणी, हजारो पोरापोरींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो त्या वर्गात. हे श्रेय नाकारायचे कारण नाही. पण शिकवले काय? पत्र टाईप करणे, तक्ता भरणे, स्लाइड बनवणे. दुसऱ्याने बनवलेले साधन वापरायचे.

२००४ पासून केंद्राच्या योजनेतून माध्यमिक शाळांत संगणक कक्ष आले. महाराष्ट्रात ते खासगी कंपन्यांशी ठरावीक मुदतीचे करार करून चालवले गेले. करार संपला की संगणक शिक्षक घरी, आणि खोलीला कुलूप. २०१५ नंतर 'डिजिटल शाळां'ची लाट आली. भिंतीवर पडदा, त्यावर चालणारा धडा, मुले समोर मांडी घालून पाहणारी. लोकवर्गणीची ताकद असलेल्या गावाला पडदा मोठा मिळाला. बालभारतीच्या नववीच्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पुस्तकात माहिती तंत्रज्ञानाचा धडा आहे, त्यातही मुख्य भर वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट यांवरच.

कुलकर्ण्याचे दप्तर डोक्यावरून नेणारा महार आठवा. आज डेटा एन्ट्री करणारा, सेतू केंद्रात दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज भरणारा आपला पदवीधर पोरगा तेच करतो आहे. माहिती त्याच्या बोटांतून जाते, पण ती कशी तपासायची, कोणाला पात्र आणि कोणाला अपात्र ठरवायचे, तो नियम दुसरीकडे लिहिलेला असतो. यंत्राला आजही जात नाही. खात्याला आहे.

इंग्लंडने ही चूक ओळखून दुरुस्त केली. तिथल्या शाळांत वर्ड-एक्सेल शिकवणारा जुना विषय बंद करून सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलापासून कोडिंगसह 'कम्प्युटिंग' हा विषय आणला. आपल्याकडे २९ जुलै २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख करून देण्याचे शब्द आले. पण शब्द कागदावर येण्याआधीच बाजार भरला होता. त्याच वर्षी ऑनलाइन कोडिंगच्या जाहिरातींनी पालकांना इतके घाबरवले, की जाहिरात मानक परिषदेला व्हाइटहॅट ज्युनियरच्या काही जाहिराती मागे घ्यायला सांगावे लागले. ज्याच्याकडे पैसा त्याचे मूल शिकले. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मूल तेव्हा आईच्या मोबाइलचा डेटा संपू नये म्हणून धडपडत होते.

आजची मोडी

१९४४ मध्ये सुरू झालेली शिष्यवृत्ती आज महाडीबीटी पोर्टलवरून मिळते. जिने आपल्या तीन पिढ्या शिकवल्या, ती आता एका प्रोग्रॅमच्या हातात आहे. 'अर्जात त्रुटी' असे लाल अक्षरात येते तेव्हा आपला विद्यार्थी कॅफेवाल्याला विचारतो, कॅफेवाला कॉलेजच्या बाबूला, बाबू म्हणतो 'सिस्टीम घेत नाही'. ही 'सिस्टीम' म्हणजे आकाशातून पडलेली गोष्ट असते काय? कोणीतरी बसून लिहिलेला तो नियम असतो. अमुक रकाना रिकामा असेल तर अर्ज परत पाठव. अमुक तारीख उलटली असेल तर दार बंद कर. रेशनच्या यंत्रावर आजीचा अंगठा जुळला नाही तर धान्य देऊ नको.

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळली गेली तेव्हा बाबासाहेबांनी समाजाला हेच शिकवले, की जो नियम ईश्वराचा म्हणून सांगितला जातो तो माणसाने लिहिलेला आहे आणि म्हणून तो बदलता येतो. सहावीतल्या मुलीने दहा ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, चुकला म्हणून दुरुस्त केला आणि चालवून दाखवला, की 'सिस्टीम' या शब्दाची भीती तिच्या मनातून कायमची जाते. नोकरी मिळो न मिळो, ही गोष्ट मोलाची आहे.

आता दोन आक्षेप.

पहिला इंग्रजीचा. कोडिंगला इंग्रजी लागते, आमची पोरे मराठी माध्यमाची, असे म्हणतात. पायथॉन या भाषेत राखीव शब्द सुमारे ३५ आहेत. पाढे पाठ करणारे मूल पस्तीस शब्द शिकू शकत नाही काय? शिवाय पायथॉन ३ मध्ये चलांना देवनागरीत नावे देता येतात. दिवस = 6, रोज = 300, मजुरी = दिवस * रोज, असे लिहून रोजगार हमीवर गेलेल्या आईची मजुरी काढून दाखवता येते. जॉबकार्डवरचा आकडा आणि बँकेत आलेला आकडा यांचा मेळ घालणारा प्रोग्रॅम हा जोतीरावांच्या 'हिशेबा'चाच पुढचा धडा आहे. आणि विजेचा भरवसा नसेल तर न्यूझीलंडच्या शिक्षकांनी नव्वदच्या दशकात तयार केलेली 'अनप्लग्ड' पद्धत आहे. पत्ते, दोरी, खडूने आखलेल्या चौकटी एवढ्यावर संगणकाचा विचार शिकवता येतो.

दुसरा आक्षेप नवा. आता कृत्रिम बुद्धिमत्ताच कोड लिहिते, मग शिकायचे कशाला? सावकाराकडेही लिहिणारा मुनीम होताच. वही दुसरा लिहितो म्हणून वाचायला शिकू नये, असे जोतीराव म्हणाले असते काय? जितके जास्त कोड यंत्र लिहील, तितकी ते वाचून 'इथे अन्याय आहे' म्हणणारी माणसे जास्त लागतील.

आणि कोडिंग शिकले की जात संपेल, अशा भ्रमातही राहू नका. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी विभागाने सिस्को कंपनीतल्या जातिभेदाच्या आरोपावरून दावा लावला. सिएटल शहराला २०२३ मध्ये जातिभेदावर बंदीचा ठराव करावा लागला. माग विलायतेहून आला तेव्हा त्यावर इथली जात चढली. संगणकाबरोबर ती विलायतेला पोचली. म्हणून एकटादुकटा हुशार पोरगा आत जाऊन भागत नाही. आपली संख्या आत गेली पाहिजे, आणि ती वर्गातूनच जाईल, खासगी क्लासमधून नाही.

पारनेरमध्ये काय करता येईल

तालुक्यातच टाकळी ढोकेश्वरला जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. तिथे ग्रामीण मुलांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि मुलींसाठी जागा राखीव असतात. सहावीच्या प्रवेश परीक्षेला आपल्या वस्तीतून किती मुले बसली, हे दरवर्षी मोजा. पण नवोदय निवडक मुलांसाठी असते. खरी लढाई जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेची आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. ती जागा सही करण्यापुरती ठेवू नका. तिथे ठराव मांडा. आपल्या शाळेत किती संगणक आले, किती चालू आहेत, शिक्षकांना कोडिंगचे प्रशिक्षण मिळाले का, हे माहिती अधिकारात विचारा. राळेगणसिद्धी ज्या तालुक्यात आहे, तिथे हा अर्ज लिहिणे कोणाला शिकवायला नको. जिल्हा नियोजनातल्या अनुसूचित जाती घटक योजनेच्या पैशातून वस्तीला नेहमी रस्ता आणि समाजमंदिर मिळते. त्यातून समाजमंदिरातच संगणकांची अभ्यासिका मागा.

हे होऊ शकते याचा पुरावा केरळ आहे. तिथे २००१ पासून 'आयटी अॅट स्कूल' प्रकल्प सरकारने स्वतः चालवला, नेहमीच्या विषयशिक्षकांनाच प्रशिक्षण दिले, मुक्त सॉफ्टवेअर वापरून परवान्यांचा खर्च वाचवला, आणि २०१८ पासून सरकारी व अनुदानित हायस्कुलांत 'लिटल काइट्स' नावाची मुलांची मंडळे उभी केली. जे केरळच्या सरकारी शाळेत होते ते फुले-आंबेडकरांच्या महाराष्ट्रात का होत नाही, हा प्रश्न आपण विचारायचा.

१८७५ मध्ये या तालुक्यातल्या माणसांनी न वाचता येणारे कागद जाळले. त्यांच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आजचे दप्तर सर्व्हरवर आहे, ते जाळता येत नाही. ते वाचायला आणि लिहायला शिकावे लागेल, आणि ती मागणी घेऊन शाळेच्या पुढच्या बैठकीला जावे लागेल.

जय भीम.